शेजारी लावलेली पुस्तकं

"बाई, पाटकर सर गेले... सकाली. आता येनार न्हाईत," आमच्या ग्रंथालयाचे शिपाई दामूदादा म्हणाले, तेव्हा मी मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी करत होते. यादीत पहिलं नाव सरांचंच होतं. त्याला आता महिना झाला.

सर भिवंडीतल्या आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. धामणकर नाक्यावरून चालत यायचे, खांद्यावर वाटेतल्या यंत्रमागांच्या कापसाची लव घेऊन. माझ्याकडे इंग्लंडचे रोमँटिक कवी तिसऱ्या कपाटात आणि अमेरिकेचे त्यांच्यानंतरचे अतींद्रियवादी लेखक सातव्यात. सर सातव्यातली पुस्तकं उचलून तिसऱ्यात नेऊन ठेवत. परीक्षेआधी आवडत्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं भलत्याच कपाटात दडवणारे मी पुष्कळ पाहिलेत. सरांना विचारलं तर म्हणाले, "अहो बाई, एकाच घरातली माणसं ती. निसर्गाचं वेड आणि स्वतःच्या मनाचा कौल, दोन्ही धाकट्याला थोरल्याकडून मिळालं. थोरला डोंगर बघून आपलं सुखदुःख सांगतो. धाकटा म्हणतो, डोंगरात आणि माझ्यात आत्मा एकच. मग त्या आत्म्याचं ऐकून जगून दाखवतो, वेळ पडली तर सरकारलाही नाही म्हणतो."

"आणि पुस्तकं परत जागेवर कोण लावणार? आत्मा?"

ते खूप हसले. हसून विषय टाळतात, अशी मी मनात नोंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ते आवडत्यांसाठी पुस्तकं दडवतात असं प्राचार्यांच्या कानावर घातलं, माझं नाव येणार नाही या अटीवर. सरांना कपाटांपाशी जायची बंदी झाली. विद्यार्थ्यांसारखी चिठ्ठी देऊन ते काउंटरबाहेर उभे राहू लागले. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली. त्या वर्षी विभागप्रमुख दुसरेच झाले.

परवा वार्षिक मोजणीत मी त्या पुस्तकांची तेव्हाची कार्डं काढली. ते आवडते कोण, हे मला नावानिशी हवं होतं. पण त्यात मागच्या बाकावरचे होते, नापास झालेले होते, पडघ्याहून एसटीने येणाऱ्या मुली होत्या... इंग्लंडचा कवी नेला की आठवड्याभरात शेजारचा अमेरिकन. बंदीनंतर सातव्या कपाटातल्या एकाही कार्डावर नवी नोंद नाही.

प्राचार्यांना हे लेखी दिलं. "आता कशाला, बाई?" म्हणाले.

बंदीनंतर काउंटरवरून निघताना सर दोन्ही तळवे उघडून दाखवायचे. "बघून घ्या बाई, काही नेत नाही." दामूदादा हसायचे, मीही हसायचे. चुगली कोणी केली, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं, असा आता माझा संशय आहे.