नत्थुजींचा धुरा

तिवशाकडच्या त्या गावात कोणाच्या शेताचं कौतुक करायचं झालं, तर लोक नत्थुजींच्या धुऱ्याचं नाव घ्यायचे. धुरा म्हणजे शेताचा बांध. उन्हाळ्यात तो पेटवून असा चकाचक करायचा की पाचोळाही दिसू नये, ही तिकडची रीत, आणि नत्थुजी त्या रीतीत पक्के. मग एका वर्षी टायफॉइडनं त्यांना खाटेला खिळवलं, धुरा जाळायचा राहिला आणि पावसाळ्यात तिथं गवत कमरेइतकं माजलं. हिवाळ्यात काठी टेकत ते वावरात गेले, तर आतून तितूर पक्षी ओरडला. लहानपणी गुरांमागं ऐकलेला आवाज! म्हातारा तिथंच फतकल मारून बसला आणि एकटाच हसत राहिला.

त्यानंतर त्यांनी धुऱ्याला हात लावला नाही. उलट नाल्याकडची दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, पेरायची सोडली, हिवराच्या शेंगा आणून टाकल्या, पळसाच्या खुंटांना फुटू दिलं. बोरी आल्या, तरवड आला, सुगरणींनी बाभळीला खोपे टांगले. गावानं मात्र नावं ठेवली. शेजारचा योगेश तर तोंडावर म्हणायचा, "नत्थुजी, डुकरं लपतेत तुमच्या धुऱ्यात, अन् सोयाबीन खातेत माहं!" डुकरांच्या बाबतीत त्याचं खोटं नव्हतं, म्हणून नत्थुजी ऐकून घ्यायचे.

पण त्यांच्या गोपालचं लग्न निघालं आणि सगळं अवघड झालं. शेती करणाऱ्या पोराला आजकाल मुलगी देतो कोण! दोन ठिकाणं तर शेतीचं नाव ऐकूनच मागं फिरलेली. अशात बार्शीटाकळीकडचे पाहुणे घर आणि वावर पाहायला येतो म्हणाले. गोपालच्या आईचा, मैनाबाईंचा, जीव टांगणीला लागला.

"अवो, हे रान पाह्यलं तं पाहुणे म्हणतीन, घरातले मानसं आयशी, कामचुकार हायेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लेकराचं जमू द्या नं."

गोपाल मान खाली घालून बाहेर निघून गेला. त्याचं ते निघून जाणंच बापाला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला पाहून, नत्थुजींनी स्वतःच्या हातानं धुरा पेटवला. सहा वर्षांचं रान बघता बघता गेलं. तितूर उडून नाल्यापलीकडे निघून गेले. घरी आल्यावर नत्थुजी भूक नाही म्हणून पडून राहिले. भूक कसली, माणूस रडून आला होता.

पाहुणे आले, स्वच्छ वावर पाहून खूश झाले. लग्न झालं, आकांक्षा सून म्हणून घरात आली. पावसाळ्यात धुऱ्यावर गवत पुन्हा फुटलं, पळसानंही पानं काढली. तितूर मात्र आले नाहीत. नत्थुजी रोज जाऊन कान द्यायचे आणि तसेच परतायचे.

पुढच्या उन्हाळ्यात व्याही रसाच्या जेवणाला यायचे ठरले. नत्थुजींची पुन्हा पंचाईत झाली. नीटनेटका शेतकरी म्हणून ज्यांनी लेक दिली, त्यांना हे गवत कसं दाखवायचं? न्याहारी घेऊन आलेल्या आकांक्षाला दिसलं, की सासरा धुऱ्यावर वाळलेल्या काटक्यांचा ढीग लावतोय.

"मामाजी, हे काहून जाळून राह्यले?"

"तुहे बाबा येऊन राह्यले नं. मांगच्या खेपी बी त्याइच्यासाठीच जाळलं."

"मांगच्या खेपी काय होतं इथं?"

नत्थुजी सांगायला लागले. गवत, बोरी, सुगरणींचे खोपे. तितरापर्यंत आले आणि नाल्यापलीकडे पाहू लागले.

"समदं जाळलं म्या, पोरी. तू या घरात यावं म्हून."

आकांक्षा खाली बसली. तिनं त्या ढिगातली एकेक काटकी उचलून बाजूला टाकायला सुरुवात केली.

"मंग आली नं मी," ती म्हणाली. "आता तं राहू द्या."