बुद्धप्रियाची शेजारची आंघोळ

सोलापुरात नळाला पाणी पाच दिवसांनी येतं आणि आलं की अख्ख्या गल्लीला एकदमच येतं. तरी शाळेचे गणवेश शिवणारी बुद्धप्रिया तीन महिने रोज सकाळी टॉवेल घेऊन समोरच्या नागूबाईंकडं आंघोळीला जायची आणि सांगायची, "आमच्यातलं पाणी संपलं." थाप मारावी, पण निदान नळाचा वार बघून! गल्लीनं ठरवून टाकलं, हिचं सासूशी वाजलंय.

वाजलं नव्हतं. गरोदरपणाच्या दुसऱ्याच महिन्यात, स्वतःच्या न्हाणीत, तिचा गर्भ पडला होता. तिसरा महिना सरेपर्यंत सांगायचं नसतं, म्हणून दिवस राहिल्याचं घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मग पडल्याचं कुणाला सांगणार? आता न्हाणीचं दार उघडलं की तीच सकाळ पुन्हा समोर उभी राहायची आणि ती टॉवेल घेऊन नागूबाईंकडं निघायची. नवरा संघपाल म्हणायचा, "विसर की आता."

एकदा नागूबाईंनी दारातच अडवलं. "काल तर पाणी आलंय गं. आज काय सांगतीस?"

टॉवेल छातीशी धरून बुद्धप्रियानं पहिल्यांदाच सगळं सांगितलं. "मला वेड लागलंय का, मावशी?"

नागूबाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं. मग म्हणाल्या, "वेड कशाचं? भ्यालीस तू. मनाच्या डॉक्टरकडं जाऊ, दोघी मिळून. पयलं पाणी घे, निवतंय."

त्या दिवसापासून कुणी विचारलं की नागूबाई सांगतात, "माझा साबण लई भारी हाय, म्हणून येती. तुमी बी या की!"