काळा दोरा आणि नवी गाडी

बायांनो, घाईत टाइप करतेय. चुका दिसल्या तर गप वाचा.

सुनेला चाकणच्या कंपनीत जायला काल छोटी, स्वस्तातली मोटरसायकल घेतली. पूजा मीच केली. नजर लागू नये म्हणून उजवी मूठ आणि आरशाची दांडी मिळून काळा दोरा घट्ट गुंडाळला.

आज दुपारी ती शिफ्टला निघाली आणि गल्लीतच गाडी सुसाट सुटली. तिनं मूठ सोडली तरी रेस कमी होईना. शेवटी वाळूच्या ढिगात घातली. गुडघा फुटला, बाकी वाचली.

शोरूमवाल्याला शिव्या घालत मी गाडी ढकलत सलीमभाईंच्या गॅरेजला नेली. त्यांनी बघितलं नि विचारलं, "ताई, रेसची मूठ कुणी बांधली? दोऱ्यात अडकून ती मागं फिरतच न्हाई."

"मीच," मी म्हणाले.

मागून लंगडत आलेली सून म्हणाली, "आत्या, पुढच्या वेळी दोरा मला बांधा, गाडीला नको." वर हसली मेली.

दोरा कापला, गाडी नीट झाली आणि सून गुडघ्याला पट्टी बांधून शिफ्टला गेलीसुद्धा. पोचल्याचा फोन अजून न्हाई. ताट वाढून बसलेय.

तुमचं माणूस गाडीवर गेलं की तुमच्या घशाखाली घास उतरतो का गं?