‘हयात’ नावाची चौकट

आमच्या साडूंएवढा तापट माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि हे मी इथलं मे महिन्यातलं ऊन जमेस धरून सांगतोय. मूळचे अक्कलकोटचे. साध्या रागात ते मराठी बोलतात, पारा चढला की कानडीत शिरतात, आणि एकदम गप्प झाले की घरातली माणसं गुपचूप बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात. लिफ्टचं बटण दोनदा दाबणारा माणूस त्यांना चालत नाही. एका हॉटेलात शेंगाचटणी गोड लागली, तर स्वतः उठलेच, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबालाही उठवून बाहेर काढलं.

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे संगणकावरचा अर्ज. चार पानं भरायची, शेवटचं बटण दाबायचं आणि सगळं कोरं! मग ते पडद्याशीच भांडायचे, “आरं, आत्ताच नाव सांगितलं की! इसरलास व्हय?” गंमत म्हणजे कंपन्यांसाठी असली संकेतस्थळं बांधणं हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता.

त्यातच त्यांच्या वडिलांचा, अप्पांचा, हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. अप्पा निवृत्त शिक्षक. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सरकारला कळवायचं. साडूंनी अर्ज पाच वेळा भरला, पाचही वेळा तो मधेच पुसला गेला. शेवटी अप्पा काठी टेकत स्वतः कचेरीत जाऊन उभे राहिले, तर खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, “ऑनलाइनच भरा.” त्याच महिन्यात अप्पा गेले. तेराव्याच्या दिवशी, कुठल्या अर्जावरून कोण जाणे, त्यांच्या फोनवर निरोप आला, आपण हयात असल्याची नोंद झाली आहे. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं. अरे, जिताजागता माणूस समोर उभा होता, तेव्हा बघायला काय झालं होतं तुम्हाला?

साडू त्या दिवशी कानडीतसुद्धा बोलले नाहीत. मात्र पुढची दोन वर्षं नोकरी सांभाळून त्यांनी एक चौकट बांधली. त्या धंद्यात तिला फ्रेमवर्क म्हणतात. मोठमोठ्या कचेऱ्यांची, एकदम लाखभर माणसं आली तरी न कोलमडणारी संकेतस्थळं तिच्यावर उभी करता येतात. तिचा पहिला नियम असा, की माणसानं एकदा भरलेलं हरवायचं नाही, मग वीज जावो की नेट जावो. नाव ठेवलं ‘हयात’. पुण्याच्या एका कंपनीनं मोठा हुद्दा देऊ करून ती मागितली, अट एकच, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आमच्या दोघांच्या बायकांनी समजूत घालायला मला धाडलं.

“पाव्हणं,” साडू कडाडले, “ह्याला कुलूप लावू व्हय? मंग त्या खिडकीतल्या माणसात आन माज्यात फरक काय ऱ्हायला?”

मीही तापलो. बायकापोरांचा विचार करा म्हणालो आणि चहा तसाच टाकून निघून आलो. पंधरा दिवस आमचं बोलणं बंद होतं.

तरी चौकट सगळ्यांसाठी खुली करायच्या दिवशी वडीलधारा म्हणून नारळ फोडायचा मान मलाच मिळाला. लॅपटॉपला हळदकुंकू लागलं होतं. सकाळभर खपून साडूंनी त्यावर लांबलचक निवेदन लिहिलं होतं. मी उत्साहाच्या भरात नारळ लॅपटॉपच्या अगदी जवळ आपटला. पाणी थेट बटणांवर! पडदा काळा पडला. दुसऱ्या संगणकावर बघितलं, तर निवेदनाचं एक अक्षर शिल्लक नव्हतं. ज्या संकेतस्थळावर ते लिहिलं होतं, त्याला ‘हयात’चा नियम कुठला ठाऊक असायला? साडू गप्प झाले. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत पळालो.

दहा मिनिटांनी डोकावलो. त्यांनी एवढंच लिहून पाठवून दिलं होतं: “घ्या. वापरा. भरलेलं हरवलं तर मला सांगा, मी हाय.”

यंदा मी निवृत्त झालो आणि माझा स्वतःचा हयातीचा अर्ज भरायला बसलो. तिसऱ्या पानावर वीज गेली. मी मनातल्या मनात सगळ्या कचेरीचा उद्धार केला. वीज आली, पान उघडलं, तर नाव, पत्ता, सगळं जागच्या जागी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हयात’वर उभारलेलं. मी लगेच साडूंना फोन लावून सांगितलं, भरलेलं काहीच हरवलं नाही.

“मंग? हरवाय ती काय तुमची छत्री हाय व्हय?” ते नेहमीसारखे खेकसले. मग हळूच म्हणाले, “अप्पाच्या येळंला पायजे हुतं बगा.”

त्या आवाजात राग कुठेच नव्हता. त्यांनी मला कानडीत चार शिव्या हासडाव्यात, असं पहिल्यांदाच वाटलं.