बिनकात्रीचा धडा

येडगावच्या शिवारात द्राक्षाच्या बागा वाढल्या, तेव्हापासून कुशाबाच्या खिशात छाटणीची कात्री असायची. लग्नाला निघताना टोपी विसरेल, पण कात्री विसरायचा नाही. कुणाच्याही बागेत वाकडी काडी दिसली की हात आपोआप खिशात जाई आणि काडी खाली पडे. मालक ओरडला, तर हा वर त्यालाच झापायचा, "राव, तुजं काम केलं अन् मलाच बोलतूस?" छाटणीत त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

त्यामुळे अठ्ठ्याण्णव साली रस्त्याकडेची झाडं सांभाळायला गावकऱ्यांचं पथक करायचं ग्रामसभेत ठरलं, तेव्हा शिकवायला कुशाबाच, म्हणजे गावाचा नाना, उभा राहणार हे उघड होतं. झाडं म्हणजे फाट्यापासून शाळेपर्यंत करंजांची रांग, आणि एसटी थांब्यापाशी एक वड. हा वड कुशाबाच्या बायकोचा, सोनीबाईचा. तिचं माहेर अवसरी बुद्रुक. तिथल्या वडाची मनगटाएवढी फांदी तिनं एका वर्षी एसटीतून आणली, कंडक्टरची बोलणी खात आणली, थांब्यापाशी रोवली आणि घरून हंड्यानं पाणी घालून जगवली. वटपौर्णिमेला गावातल्या बाया त्याच वडाला फेऱ्या घालत. एसटीतून उतरलं की सोनीबाईला आधी माहेर दिसायचं, मग सासर.

पथकात भगवंत, शीला आणि आणखी काही जण, सगळेच बागायतदार. शिकवणी रविवारी सकाळी. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे साल ओरबाडत नाही; जखमेवर मोरचूद-चुन्याची पेस्ट लावायची. कुशाबा बोलायला लागला की थांबत नसे. मध्येच चिडे, मध्येच पाठ थोपटे. मंडळी खूश आणि हा त्यांच्याहून खूश. कसं कापायचं ते त्यानं सगळं शिकवलं. कधी कापायचं नाही, हे मात्र सांगायचं राहिलं. ते त्याच्या डोक्यातच आलं नाही.

एप्रिलात नवराबायको अवसरीला लग्नाला गेली. एप्रिल म्हणजे बागांची खरड छाटणी. वेलीच्या काड्या पार बुडाशी आणायच्या, की नवी फूट जोमानं येते. आपापल्या बागा उरकल्यावर भगवंतानं पथक गोळा केलं. नाना परत यायच्या आत गावची झाडंही उरकून टाकू, म्हणाला.

लग्न आटोपून दोघं थांब्यावर उतरली, तर डोक्यावर नुसतं ऊन. वडाचं खोड आणि वर चार खुंट. खुंटांवर निळी पेस्ट, अगदी शिकवल्याबरहुकूम. करंजांचीही तीच गत. भगवंत घामानं निथळत, हसत पुढं आला.

"नाना, खरड झाली बगा. येक साल फाटली न्हाई!"

कुशाबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आरं, वडाला काय द्राक्षं धरायचीत व्हय? उन्हाच्या तोंडाला सावली काढलीत! आजपासून पथक बंद. कुणी झाडाला हात लावला तर तंगडं मोडीन!"

भगवंताचा चेहरा एवढासा झाला. सोनीबाई खोडावर हात ठेवून उभी होती. डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता.

"अवो, त्यास्नी का बोलता? तुमचाच गुण उचललाय त्यांनी. दिसंल ते कापायचं. आता वराडत बसण्यापरीस बारदान आणा. साल भाजंल उन्हानं."

कुशाबा बारदान आणायला गेला, आणि त्याच्यामागं भगवंत.

खोडाला ओली बारदानं गुंडाळली. शीलानं घरोघरी फिरून पाण्याच्या पाळ्या लावल्या. मे महिना सगळा असाच गेला. संध्याकाळी कुशाबा येई, साल नखानं जरा खरवडे, आत हिरवं दिसलं की जेवायला जाई. बायकोचं माहेर आपल्या शिकवणीनं वाळलं, तर तिला तोंड कसं दाखवायचं, हीच एक धास्ती.

आणि एके दिवशी खुंटांवर लालसर कोंब दिसले. करंजही पालवले. बघता बघता वडाची फूट केरसुणीसारखी दाट झाली. बागेत अशी फूट दिसली की ती विरळायची, ही सगळ्यांच्या हाताची सवय. भगवंताची बोटं चुळबुळू लागली. कुशाबानं पथकाला वडासमोर उभं केलं.

"हात मागं!"

सगळ्यांनी शाळेतल्यासारखे हात मागं बांधले. त्यानंही बांधले.

"आता काय करायचं?"

"फूट विरळायची," भगवंत म्हणाला.

"कायबी न्हाई करायचं. बगायचं नुस्तं. ह्योच पयला धडा. मीबी आजच शिकतोय."

त्या वटपौर्णिमेला सोनीबाईनं पालवलेल्या वडाला दोरा गुंडाळला, आणि हसता हसता रडली.

पथक टिकलं. नवं कुणी आलं की पहिला रविवार हात मागं बांधून झाड बघण्यातच जाई. दहा वर्षांत वड पुन्हा थांबाभर पसरला. शिकवणी आता भगवंताकडं होती. कुशाबा वडाखालच्या बाकावर सोनीबाईशेजारी बसून न मागता सल्ले देई.

एका रविवारी ओतूरची मंडळी शिकायला आली होती. वडाला पहिलीच पारंबी सुटलेली, नेमकी बाकावर. वारा आला की ती कुशाबाच्या कानाला गुदगुल्या करी. एकदा झटकली, दोनदा झटकली. मग बोलता बोलता त्याचा हात खिशात गेला.

"नाना!" भगवंत तिकडून ओरडला. "हात मागं!"

ओतूरकर वळून बघू लागले. कुशाबानं हातातल्या कात्रीकडं बघितलं, ओशाळला, आणि ती गुपचूप सोनीबाईच्या मांडीवर ठेवली.

"तुज्याकडंच ठेव ही."

सोनीबाईनं कात्री पदराखाली घेतली. त्याच्या कानावरची पारंबी तिनं हलकेच बाजूला केली.

"जरा सरकून बसा," ती म्हणाली. "माज्या म्हायेराला भुईवर टेकू द्या."

कुशाबा सरकून बसला.