अवसेचं दूध

एकाच माणसाचे इतके किस्से साठावेत, हे काही बरं लक्षण नव्हे! पण करणार काय? मारोतीच्या पेढ्याच्या कारखान्यासमोरच माझं खत-बियाण्यांचं दुकान. संध्याकाळी त्याच्याकडचा चहा मी फुकट पितो आणि चहाबरोबर किस्से आपोआप येतात. आखाडा बाळापूरच्या रस्त्याने जाणारे लोक गाडी थांबवून त्याचे पेढे घेतात. माझ्या दुकानापाशी थांबतात ते पत्ता विचारायला.

मारोतीचं घर मूळचं शेळ्या-मेंढ्या पाळणारं. त्यांच्यात एक रीत आहे. अवसेला, म्हणजे अमावास्येला, दूध विकायचं नाही. त्या दिवशी निघेल तेवढं दूध गल्लीतल्या लेकरांचं. मारोतीने पुढे म्हशी घेतल्या, खव्याच्या भट्ट्या टाकल्या, तरी अवसेला भट्टी बंद म्हणजे बंद. सकाळी लेकरं ग्लास घेऊन, कारखान्याला लागूनच असलेल्या त्याच्या घराच्या ओट्यासमोर रांग लावायची आणि हा स्वतः किटली घेऊन वाढायला बसायचा.

एकदा धंदा कसा वाढवावा हे सांगायला नांदेडहून एक सल्लागार आला होता. त्याने विचारलं, "महिन्यातून एक दिवस प्रॉडक्शन झीरो? मग त्या दिवशी तुम्ही करता काय?"

"झोपतो!" मारोती म्हणाला.

खरंच झोपायचा. दूध वाटून झालं की दुपारभर लिंबाच्या सावलीत बाज टाकून घोरायचा, उठला की माझ्याशी पत्ते खेळायचा. हरला तरी हसायचा. महिन्यातून त्या एका दिवशी मला माझा जुना मित्र भेटायचा.

*

सगुणावहिनींना सिद्धेश्वरचं धरण बघायचं होतं. लग्न झाल्यापासून मागणी पेंडिंग! शेवटी एका रविवारी मारोती त्यांना आणि पोरीला, गौरीला, घेऊन निघाला. संध्याकाळी परत आला तेव्हा भलताच खुशीत होता.

"काय वहिनी, कसं काय धरण?" मी विचारलं.

"मी धरण बघितलं, भाऊजी. ह्यांनी तिकडं बी म्हशीच बघितल्या. दूध घालणारे दोन नवे गडी करून आलेत!"

आम्ही पोट धरून हसलो. वहिनी मात्र हसल्या नाहीत, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

*

गौरीच्या शाळेत गॅदरिंग होतं. तिचा नाच होता. मारोतीने अख्ख्या शाळेला पुरतील एवढे पेढे पाठवले. मुख्याध्यापकांनी माइकवरून त्याचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. तो मात्र भट्टीपाशी.

रात्री जेवताना पोरीने विचारलं, "पेढे आल्ते. तुमी काहून न्हाई आले?"

हे मला खुद्द मारोतीनेच सांगितलं. सांगताना हसायला गेला, पण जमलं नाही.

*

मग नांदेडच्या एका मोठ्या मिठाईवाल्याची ऑर्डर आली. रोज खवा पाहिजे, खाडा चालणार नाही. मारोतीने हो म्हणून टाकलं. मीच हार घातला त्याला, त्याच्याच पैशाने आणलेला!

त्याचे वडील, आबा, ओट्यावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मग अवसेचं काय?"

"आबा, म्हशीला थोडीच अवस कळते!"

"म्हशीला न्हाई कळत. तुला कळते ना?"

मारोती फोनवर बोलत आत निघून गेला.

पहिली अवस आली. लेकरं नेहमीसारखी ग्लास घेऊन रांगेत. भट्टी पेटलेली, खव्याचा वास गल्लीभर. मारोती दारात येऊन म्हणाला, "लेकरांनो, आज न्हाई. आता अवसेला बी दूध इकायचं असते. जावा घरी." लेकरं रिकामे ग्लास घेऊन गेली. रांगेत गौरीही होती. तीही गेली, मागच्या दाराने, त्याच घरात. मी समोरून सगळं बघितलं आणि मला फार वाईट वाटलं.

*

त्यानंतर मारोती माझ्या दुकानात येऊन नुसता बसायला लागला. "सगळं बराबर चालू हाय रे," म्हणायचा. "माल जाऊन राहिला, पैसा येऊन राहिला. पण कशानं खुश व्हावं तेच कळंना."

"लिंबाखाली झोप एक दिवस."

"झोपून पाहिलं. झोपच लागंना!"

दुसऱ्या अवसेच्या आदल्या दिवशी त्याने माझ्यासमोरच नांदेडला फोन लावला. "उद्या खवा न्हाई येणार. अवसेला कधीच न्हाई येणार. चालत नसंल तर ऑर्डर दुसऱ्याला द्या, माझी तक्रार न्हाई." पलीकडून काय ऐकवलं देव जाणे. आबांनी मात्र त्या दिवशी दोनदा चहा मागून घेतला.

सकाळी भट्टी बंद. ओटा धुतलेला. मारोती भरलेली किटली घेऊन बसला. नवाचे दहा वाजले. गल्लीत खेळण्याचा आवाज होता, पण एकही पोरगं फिरकलं नाही. मी दुकान उघडं टाकून त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

शेवटी घराच्या दारातून गौरी बाहेर आली. तिने गल्लीतल्या पोरांना हाक मारली, तशी पोरं आपापल्या घरी पळाली. तिच्यामागे एकेक जण येऊन उभा राहिला. प्रत्येकाच्या एका हातात ग्लास, दुसऱ्या हाताची मूठ बंद. गौरीने ग्लास पुढे केला आणि मूठ उघडली. घडी घातलेली नोट होती.

"पप्पा, दहाचं द्या."

मारोतीने नोटेकडे बघितलं. मग किटली उचलून तिच्या ग्लासात दूध ओतायला लागला. ग्लास भरला. दूध तिच्या मनगटावरून खाली आलं, ओट्यावर पसरलं, माझ्या चपलेपर्यंत आलं.

"पप्पा, पुरे! भरला ना!"

तो ओततच राहिला.