बियाण्याच्या कणगीतले पंप

माझ्या व्याह्याने मला फसवले. चार वडीलधाऱ्यांसमोर त्याने एक गोष्ट कबूल केली, घरी जाऊन ती पाळली नाही, आणि मी विचारले तेव्हा पाळतो म्हणून सांगितले.

मी खोडाळ्याच्या बाजारात नागली म्हणजे नाचणी, वरई आणि खुरासणी विकत घेतो आणि नाशिककडे पाठवतो. सुरुवात करवंदांच्या पाटीने केली होती. जीपच्या टपावर बसून पाटी मोखाड्याला न्यायची, विकायची, आणि येताना दुसऱ्याचा माल आणायचा. आता स्वतःचा टेम्पो आहे. नागली दाताखाली धरली की ती किती वाळली आहे ते मला कळते. भाव करताना मी ओरडतो आणि बाजारात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला कोणी फसवत नाही, अशी माझी ख्याती होती.

माझ्या मुलीला लहानपणापासून दमा. आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजतात. भाताच्या आणि नागलीच्या रोपांसाठी जो तुकडा राखलेला असतो त्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण आणि गवत पसरायचे, वरून थोडी माती टाकायची आणि पेटवायचे. त्याची ज्वाळा होत नाही, ते धुमसत राहते. एकेका डोंगराच्या उतारावर दहा-वीस जणांचे राब एकाच वेळी धुमसत असतात आणि सकाळी दरीत धूर पाण्यासारखा साचतो. त्या दिवसांत माझी पोरगी ओटीवर बसून, गुडघ्यांवर हात टेकून, खांदे उचलून श्वास घ्यायची. छातीत मांजर गुरगुरावे तसा आवाज यायचा. पाचवीत असताना तिचे ओठ निळसर झाले, तेव्हा मी तिला जव्हारला नेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी टेबलावर दोन पंप ठेवले. एक निळा, एक तपकिरी. मी सवयीने विचारले, “बाई, यातला काम कुठला करतो?”

“दोन्ही करतात.”

“तसं नाय. दम लागला की थांबवतो कुठला?”

“निळा.”

“मग निळाच द्या. दुसरा राहू द्या.”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “निळा घेतलात की दहा मिनिटांत मोकळं वाटेल. मग पुन्हा दम लागेल, पुन्हा निळा माराल. आत श्वासाच्या नळ्या सुजलेल्याच राहतात, त्यांना निळ्याने काही होत नाही. ती सूज उतरवतो हा तपकिरी. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. बरं वाटत असेल त्या दिवशीसुद्धा.”

“बरं वाटत असताना औषध कशाला?”

“बरं वाटावं म्हणून.”

माल विकणाऱ्या माणसाला कळते की हा तपकिरी पंप विकायला किती अवघड आहे. घेतला की काही होत नाही. ना छाती मोकळी झाल्यासारखी वाटते, ना जिभेवर तिखट लागते. ज्याचा गुण डोळ्यांना दिसत नाही, ते कोण रोज घेईल? मी बाईंशी अर्धा तास हुज्जत घातली. बाहेर रांग होती. शेवटी त्यांनी मुलीलाच जवळ घेतले, प्लास्टिकच्या नळकांड्याला पंप लावून कसा ओढायचा, श्वास किती धरायचा, नंतर चूळ का भरायची, सगळे दाखवले. आणि मला म्हणाल्या, “एक वर्ष करून बघा. मग माझ्याशी भांडायला या.”

भांडायला गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात राब भाजले, दरीत धूर साचला, आणि पोरगी शाळेच्या मैदानावर लंगडी खेळत होती. निळा पंप दप्तरात पडून होता. तेव्हापासून आमच्या घरात दात घासण्याआधी तपकिरी पंप आणि नंतर चूळ, हा नियम झाला. तो मी माझ्या आवाजाने पाळायला लावला. पोरीला दमा आहे हे मी कधी विसरलो नाही, पण ती विसरली, आणि ते मला बरे वाटायचे.

तिचे लग्न ठरले पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावर. मुलगा चांगला, कामसू, कमी बोलणारा. आमच्याकडे मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. ते ठरवायला दोन्हीकडचे वडीलधारे ओटीवर बसतात, बाटली मध्ये असते, आणि मस्करी आणि भांडण यांतले काय चालू आहे ते कळत नाही. माझ्यासारख्या माणसाशी देज ठरवायचे म्हणून व्याही तयारीने आला होता. सोबत बोलके म्हातारे आणले होते.

मी म्हणालो, “देज नको.”

एक म्हातारा म्हणाला, “ऐकलं का रे? हा नको बोलला! बाटली बदला, ही लय चढते.”

सगळे हसले. मी थांबलो आणि मग सांगितले. “देज सोडला. बदल्यात दोन गोष्टी. पोरीला तपकिरी पंप रोज दोन वेळा घेऊ द्यायचा. पंप मी देणार, तुमचा छदामही नको. आणि राब भाजताना तिला शेतावर न्यायचं नाय. बाकी लावणी, कापणी, झोडणी, सगळं करील.”

“पोरगी देतोस का औषधाचं दुकान?” दुसरा म्हातारा म्हणाला.

“दुकानासोबत पोरगी फुकट देतोय. घ्यायची तर बोला.”

व्याही हसला. म्हणाला, “हे काय मागणं झालं? हे तर आम्ही असंच केलं असतं. कबूल.” मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावले. त्याने पुन्हा म्हटले. सगळ्यांनी ऐकले. उभ्या आयुष्यात इतका सरळ सौदा मी केला नव्हता.

लग्न झाले. दर महिन्याला मी बाजाराच्या दिवशी येणाऱ्या त्यांच्या पाड्यावरच्या कोणाकडे पंपाचे खोके पाठवायचो. पाऊस संपून थंडी सुरू झाली तेव्हा जावयाचा फोन आला. निळा पंप संपला होता, पाठवा म्हणाला. पाठवला. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा.

मी धान्याचा व्यापारी आहे. घरात काय लवकर संपते आणि काय उरते यावरून घराचे काय चालले आहे ते कळते. तपकिरी नेमाने चालू असेल तर निळ्याला हात लावायची वेळ क्वचित यायला हवी. मी विहीणबाईंना फोन लावला.

“तपकिरी घेते ना रोज?”

“घेते की. आम्ही काय तिला उपाशी ठेवतो?”

“जेवणाचं नाय विचारलं. पंपाचं विचारलं.”

“घेते, घेते. तुम्ही लय काळजी करता, व्याही.”

मुलीला फोन द्या म्हटले. दिला. “बरी आहे ना, बाय?” “बरी आहे, बाबा.” मागे कोणाचे तरी खोकणे ऐकू आले, भांडी वाजली, आणि ती “ठेवते” म्हणाली. मी व्याह्यालाही विचारले, बाजारात, समोरासमोर. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “शब्द दिलाय ना तुम्हाला? सकाळ-संध्याकाळ. माझ्या डोळ्यांदेखत.”

मग उन्हाळा आला आणि त्यांचे राब आले.

जावई कामाला भिवंडीला गेला होता. दोन मोठी माणसे आजारी, हात कमी. तिला म्हणे कोणी पेटवायला सांगितले नव्हते. नुसते ओली फांदी घेऊन कडेला उभे राहायचे, आग बांधाबाहेर गेली तर मारायची. वारा फिरला. ती खाली बसली. निळा पंप कमरेला होता, तिने तो मारला, पुन्हा मारला, आणि तो मारता मारताच संपला. धाकट्या दिराने मोटरसायकल काढली. पुढे तो, मध्ये ती, मागे तिला धरून एक चुलत दीर, असे तिला मोखाड्याला नेले. तिथून रुग्णवाहिकेने जव्हारला.

मी पोचलो तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि ती बसूनच होती, आडवे होता येत नव्हते. माझ्याकडे पाहून तिने हात थोडा उचलला. मी कॉटच्या कडेला बसलो. माझा राग ज्यांना ठाऊक आहे ते दाराशी उभे होते, मी आता कोणाला धरतो हे बघत. काहीच झाले नाही. मी रागाची वाट पाहिली आणि तो आला नाही. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचे चित्र होते. ते मी पाहत बसलो. नर्स चहा घेणार का म्हणाली, तर हो म्हणालो, आणि चहा हातात निवून गेला.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले. हे डॉक्टर तरुण होते, पहिल्या बाई केव्हाच बदलून गेल्या होत्या. त्यांनी विचारले, “प्रतिबंधक पंप कधीपासून बंद आहे?” मी म्हणालो, बंद नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “त्या म्हणतात, दिवाळीपासून.”

मी टेम्पो काढला आणि थेट त्यांच्या पाड्यावर गेलो. व्याही घरी नव्हता. विहीणबाई होत्या. मी नुसते विचारले, “तपकिरी पंप कुठे आहेत?” त्या आत गेल्या. कोपऱ्यात बांबूची कणगी होती, शेणाने लिंपलेली, बियाण्याची नागली ठेवायची. त्यांनी वरचा पाला काढला, नागलीत कोपरापर्यंत हात घातला, आणि एकेक खोके बाहेर काढून माझ्यापुढे ठेवले. मी पाठवलेलीच. एकाचेही सील फोडलेले नव्हते.

“जपून ठेवलेत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बोललात ना, हे मोठं औषध. रोज फुंकून कशाला संपवायचं? पोरगी धड होती. म्हटलं, अडीनडीला असू दे. अंगावर यायचं तेव्हा हाताशी असावं.”

“आणि तिने मागितलं नाय?”

“मागितलं ना. मी म्हटलं, दम लागतोय का? नाय बोलली. मग राहू दे म्हटलं.” त्यांनी खोक्यावरची नागली बोटाने झटकली. “हे पण उंदरापासून राखलंय हो.”

फोनवर त्या खोटे बोलल्या होत्या, आता बोलत नव्हत्या. आमच्याकडे चांगले ते बियाण्यात ठेवतात. घरात खायला नसले तरी बियाण्याला हात लावत नाहीत, मग पाऊस कसाही होवो. त्यांनी माझ्या मुलीच्या औषधाला तो मान दिला. मी खोकी पिशवीत भरली. पिशवी हलकी होती. परत येताना घाटात दोन्हीकडे राब धुमसत होते आणि मी काच वर घेतली.

म्हणून विहीणबाईंवर माझा दावा नाही. त्यांना कोणी नीट सांगितलेच नव्हते, आणि सांगायचे काम ज्याने अंगावर घेतले होते त्याने ते केले नाही. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून “माझ्या डोळ्यांदेखत” म्हणाला, तेव्हा खोकी कणगीत होती.

मुलगी महिनाभर माझ्याकडे राहिली. श्वास परत आला, पण चढ चढताना ती अजून मध्ये थांबते. पेरणीआधी ते लोक तिला न्यायला आले, तेच म्हातारे घेऊन. जावई सगळ्यांच्या मागे बसला होता, मान खाली. चहा झाला. व्याही म्हणाला, “झालं गेलं सोडा. पोरगी वाचली, देवाची कृपा. आता घरचं काम खोळंबलंय.”

मी मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, “मी जाणार आहे, बाबा. नवऱ्याने सगळं शिकून घेतलंय, पंप तोच देईल. पण तुम्ही विचारा. मला विचारता येत नाय.”

मी विचारले. खोटे का बोललात? एका म्हाताऱ्याने विडी पेटवली, माझ्या मुलीकडे बघितले आणि विझवली. व्याही म्हणाला, “बाईमाणसांच्या कारभारात मी कुठे लक्ष घालू?” आणि उठला. मी आवाज चढवला नाही, म्हणून त्यांना वाटले मी सोडून दिले.

ती गेली. रोज सकाळी जावई मला फोन करतो, घेतला म्हणून सांगतो, आणि मी बरं म्हणून ठेवतो. माझ्या दिवसात दुसरे काही राहिलेले नाही. बाजारात मी भाव करतो, लोक म्हणतात आवाज उतरला.

व्याही, तुम्ही कबूल हा शब्द दोनदा म्हणालात. मी पाठवलेले औषध घरात होते, माझी मुलगी ते मागत होती, आणि तुम्ही मला बाजारात सांगितलेत की ती घेते. कारभार कोणाचा ते मी विचारत नाही. ज्या म्हाताऱ्यांसमोर शब्द दिलात त्यांच्यासमोर पुन्हा बसा, माझ्या मुलीकडे बघा, आणि तिला सांगा की तिच्या श्वासाबद्दल तुम्ही खोटे का बोललात. मला नको, तिला सांगा. पण सांगा.